द्राक्षशर्करा : नाम आणि कार्य

काशीचा राजाघाट मराठी अभ्यासकांस अपरिचित नाही. त्याची दगडी बांधणी अमृतराव पेशवे यांच्या काळातील असून अन्नदानाची परंपराही त्या स्थानाशी निगडित आहे. अन्नछत्राच्या पंक्तीतील लाडवास आपण ‘गोड’ म्हणतो, भातास म्हणत नाही. जिभेचा हा भेद शरीरात फार काळ टिकत नाही. भातातील पिष्ट म्हणजे द्राक्षशर्करेच्या असंख्य रेणूंची साखळी होय. लाळेतील व स्वादुपिंडातील विकरे ती तोडतात आणि सुटे रेणू लहान आतड्यातून रक्तात शोषले जातात.

‘शर्करा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ खडे वा वाळू असा आहे. गोडीशी त्याचा संबंध नंतर जडला. ‘द्राक्षशर्करा’ हे नाम उगमाचे निदर्शक आहे. जर्मन रसायनज्ञ मार्गग्राफ यांनी १७४७ मध्ये ती मनुकांपासून वेगळी केली. कार्याचा बोध मात्र या नामातून होत नाही.

पेशीत द्राक्षशर्करेचे टप्प्याटप्प्याने विघटन होऊन ऊर्जा मुक्त होते. तांबड्या रक्तपेशींस तर दुसरे इंधनच चालत नाही. प्रौढाच्या मेंदूस दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम द्राक्षशर्करा लागते. सर्व रक्तात मात्र ती एका वेळी सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभरच असते. यकृतातील ग्लायकोजेनच्या साठ्यातून सतत भर पडते म्हणूनच ती पुरते. हे ग्लायकोजेन क्लोद बेर्नार यांनी १८५७ मध्ये वेगळे करून दाखविले. उपवास दिवसभराहून लांबला की हा साठा सरत येतो. मग यकृत प्रथिनांच्या घटकांपासून नवी शर्करा घडविते. निराहारी देहही शर्करेवाचून राहत नाही, तो इतकाच की ती स्वतःच्या अंगातून काढतो.

मधुमेहात याच्या उलट घडते. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे लक्षण चरकसंहितेने नोंदविले आहे. इन्शुलिन अपुरे पडल्याने वा निष्प्रभ ठरल्याने रक्तात शर्करा साचते, परंतु अनेक पेशींस तिचा पुरेसा उपयोग होत नाही. इन्शुलिनचा शोध टोरांटो येथे १९२१ मध्ये लागला. तोवर या रोगाच्या तीव्र प्रकारात मृत्यू बहुधा अटळ होता.

तात्पर्य, ‘द्राक्षशर्करा’ उगम सांगते, ‘मधुमेह’ लक्षण सांगतो. कार्य दोन्ही नामांच्या बाहेर राहते. परिभाषेचा विचार करताना व्युत्पत्तीपाशी थांबणाऱ्या अभ्यासकाने एवढे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.