आपोआप विझणारी सिगारेट आणि मावळातला वणवा

मावळात पाऊस भरपूर. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची यांच्या उतारांवर भाद्रपदापर्यंत माणसाच्या कमरेइतके गवत उभे राहते. दिवाळीनंतर हेच गवत पिवळे पडू लागते. शिमग्याच्या सुमारास पाहावे तर सगळा डोंगर वाळल्या पेंढीसारखा झालेला असतो. त्यात ज्या वर्षी कारवी फुलून गेलेली असते (ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग वाळते), त्यानंतरच्या उन्हाळ्यात तर विचारावयासच नको. अशा वेळी एक ठिणगी पुरते. रात्री पुणे-मुंबई गाडीच्या खिडकीतून डोंगराच्या अंगावर सरकत जाणारी आगीची माळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. दुरून ती शोभिवंत दिसते. परंतु तिच्या वाटेत गुरांची वैरण असते, वन खात्याने पावसाळ्यात लावलेली रोपे असतात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी असतात आणि कधी कधी वाडीतले घरही असते.

वणवा कशाने लागतो असे विचारले तर शहरातला मनुष्य शेतकऱ्याकडे बोट दाखवतो आणि गावातला मनुष्य पर्यटकाच्या सिगारेटीकडे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची पद्धत मावळात जुनी आहे. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून वाफा भाजतात आणि वारा फिरला की ती आग बांध ओलांडते. जुने गवत जाळले की नवे चांगले फुटते असा समजही आहेच. दुसऱ्या बाजूला सुटीच्या दिवशी गडांवर आणि घाटमाथ्यावर येणारी माणसे, त्यांच्या शेकोट्या, आणि वाटेत टाकलेली थोटके. या लेखात राबाचा आणि शेकोटीचा विचार बाजूला ठेवून फक्त थोटकाचा विचार करावयाचा आहे. कोणी ओढत नसताना सिगारेट आपली आपण विझेल अशी ती बनवता येईल काय, हा तो प्रश्न होय. हा प्रश्न काल्पनिक नाही. त्यावर जवळजवळ शंभर वर्षे विचार झाला आहे आणि अनेक देशांत त्याचे उत्तर कायद्यात उतरले आहे.

प्रथम सिगारेट विझत का नाही ते पाहू. लाकूड जळते तेव्हा ज्योत दिसते. सिगारेट ज्योतीने जळत नाही, ती धुमसते. झुरका घेताना तिच्या निखाऱ्याचे तापमान ९०० अंश सेल्सियसच्या आसपास जाते, झुरक्यांच्या मधल्या वेळात ते उतरते, पण धुमसणे थांबत नाही. धुमसण्याला दोन गोष्टी लागतात : पुरेसा प्राणवायू आणि टिकून राहणारी उष्णता. सिगारेटीत बारीक कातरलेला तंबाखू सैलसर भरलेला असतो, म्हणजे आत हवा खेळती राहते. भोवतालचा कागद सच्छिद्र असतो, त्यात खडूसारखी कॅल्शियम कार्बोनेटची पूड मिसळलेली असते आणि तो एकसारखा जळावा म्हणून सोडियम किंवा पोटॅशियमचे सायट्रेट हे क्षार त्याला लावलेले असतात. थोडक्यात, सिगारेट राखदाणीच्या कडेवर ठेवली तरी शेवटपर्यंत जळते हा तंबाखूचा निसर्गधर्म नव्हे, तर कारखानदाराने जाणूनबुजून साधलेला गुण आहे. जे मुद्दाम साधले ते मुद्दाम टाळताही येईल, हा पुढचा तर्क सरळ आहे.

आणि हे टाळलेले उदाहरण आपल्या शेजारीच आहे. विडी ओढणारा मनुष्य बोलता बोलता दोन मिनिटे गप्पांत गुंगला की त्याची विडी विझते आणि तो शेजाऱ्याला म्हणतो, "काडी दे." एसटीच्या थांब्यावर हा प्रसंग कोणीही पाहिला असेल. विडी का विझते? तिचे आवरण कागदाचे नसून टेंभुर्णीच्या, म्हणजे तेंदूच्या पानाचे असते. हे पान कागदासारखे सच्छिद्र नसते, त्यातून हवा आत शिरत नाही. पानाला सायट्रेट लावलेले नसते. आतला तंबाखूही थोडा. सिगारेटीत पाऊण ग्रॅमच्या आसपास, तर विडीत पाव ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणून विडी जिवंत ठेवावयाची तर वरचेवर झुरके घ्यावे लागतात, सिगारेटीच्या दुपटीहूनही अधिक. सिन्नर, संगमनेर, सोलापूर येथे घराच्या ओट्यावर बसून सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायांनी, कोणत्याही प्रयोगशाळेची मदत न घेता, पिढ्यान्‌पिढ्या आपोआप विझणारी वस्तूच तयार केली असे म्हणावयास हरकत नाही.

यावरून विडी बरी असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. जास्त झुरके म्हणजे फुप्फुसात जास्त धूर. डांबर आणि निकोटीन या दोन्ही बाबतींत विडी सिगारेटीला हार जात नाही. शिवाय गंमत अशी की जे पान विडीला विझवते तेच पान जंगल पेटवावयास कारण होते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया भागात तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला जंगलाचा तळ जाळण्याची रीत चालत आली आहे, आणि तिकडच्या वणव्यांच्या कारणांत तिचे नाव नेहमी असते.

आता पाश्चात्त्य देशांकडे वळू. तिकडे प्रश्न डोंगराचा नव्हता, गादीचा होता. मनुष्य सिगारेट ओढता ओढता झोपी जातो, ती गादीवर किंवा कोचावर पडते, कापूस अर्धा तास, तास धुमसतो, खोली धुराने भरते आणि मग एकदम ज्वाला उठते. १९२९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉवेल येथे अशी आग लागली, तेव्हा तेथील लोकप्रतिनिधी ईडिथ नॉर्स रॉजर्स यांनी आपोआप विझणारी सिगारेट शोधून काढावी अशी मागणी नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेकडे केली. पुढील काही वर्षांत त्या संस्थेने तशी सिगारेट करूनही दाखवली. त्यानंतर अर्धे शतक काहीच घडले नाही. कारखानदारांना ग्राहक नाराज होण्याची भीती होती आणि दोष गादी बनवणाऱ्यांवर ढकलणे सोयीचे होते. १९७९ मध्ये त्याच राज्यात वेस्टवूड येथे एका घरातील आई, वडील आणि पाच मुले सिगारेटीच्या आगीत मरण पावली. तेथील प्रतिनिधी जो मोकली यांनी हा विषय लावून धरला. १९८४ साली कायदा होऊन तज्ज्ञांचा अभ्यासगट नेमला गेला, आणि १९८७ मध्ये त्याने अहवाल दिला की अशी सिगारेट बनवणे तंत्रदृष्ट्या शक्य आहे.

त्या अभ्यासात चार उपाय पुढे आले. तंबाखू कमी दाबून भरावा, म्हणजे जळण कमी. सिगारेटीचा घेर बारीक करावा. कागदाची सच्छिद्रता कमी करावी. आणि सायट्रेट कमी करावे. चारही गोष्टी पाहिल्या तर सिगारेट विडीच्या दिशेने सरकवण्याचाच हा प्रकार आहे असे दिसते. याखेरीज पाण्याची बारीक कुपी थोटकाजवळ बसवावी, कागदाला आग न धरणारे क्षार लावावेत असल्या कल्पनांची पेटंटेही निघाली होती. पण ती कागदावरच राहिली. सगळा कागद कमी सच्छिद्र केला तर सिगारेट सारखी विझू लागते, ओढणारा चिडतो. यातून निघालेली युक्ती मात्र सुंदर आहे. कागद नेहमीचाच ठेवावयाचा, परंतु त्यावर ठराविक अंतराने सहा-सात मिलिमीटर रुंदीचे दोन-तीन पट्टे द्यावयाचे, आणि त्या पट्ट्यांपुरती छिद्रे अल्जिनेट, स्टार्च किंवा सेल्युलोजसारख्या पदार्थाने बुजवावयाची. रस्त्यावरच्या गतिरोधकासारखे हे पट्टे असतात. ओढणाऱ्याच्या झुरक्याने निखारा पट्टा सहज ओलांडतो. पण सिगारेट गादीवर पडून असेल तर खालून गादी उष्णता शोषते, बाजूने पट्टा हवा अडवतो आणि निखारा तेथेच मरतो. २००० साली फिलिप मॉरिस कंपनीने अशा कागदाची मेरिट सिगारेट बाजारात आणली. २८ जून २००४ पासून न्यूयॉर्क राज्याने सर्वच सिगारेटींना हा नियम लावला, २००५ मध्ये कॅनडाने तो देशभर लावला, २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाने, १७ नोव्हेंबर २०११ पासून युरोपीय संघाने. ज्या वस्तूसाठी ग्राहक पळून जाईल असे पन्नास वर्षे सांगितले गेले, ती आल्यावर न्यूयॉर्कमधला सिगारेटीचा खप त्यामुळे घसरला नाही. कार्बन मोनॉक्साइड मात्र धुरात थोडा वाढला. म्हणजे या सिगारेटीला आगीच्या दृष्टीने कमी धोक्याची म्हणावे. निर्धोक म्हणू नये, आणि आरोग्याच्या दृष्टीने तर मुळीच नाही.

हीच सिगारेट लोहगडाच्या वाटेवर पडली तर काय होईल? येथे चाचणी कशी घेतात ते समजून घेतले पाहिजे. प्रयोगशाळेत गाळणकागदाचे दहा थर एकावर एक ठेवतात आणि पेटती सिगारेट त्यावर आडवी ठेवून पाहतात. अशा ४० सिगारेटींपैकी शेवटपर्यंत जळणाऱ्या दहापेक्षा अधिक नसाव्यात, म्हणजे सिगारेट उत्तीर्ण. आता या कसोटीतली एकेक बाब मावळाशी ताडून पाहा. चारांत एक जळली तरी चालते. गाळणकागदाचा थर सपाट आणि घट्ट असतो, तो निखाऱ्याची उष्णता ओढून घेतो. वाळल्या गवताच्या काड्यांवर सिगारेट अधांतरी अडकते, तिला चारी बाजूंनी हवा मिळते. चाचणी वारा नसलेल्या पेटीत होते, आणि घाटमाथ्यावरचा वारा कसा असतो ते ड्यूक्स नोजवर उभे राहिलेल्यास सांगावयास नको. चाचणीपूर्वी सिगारेटी किमान एक दिवस ५५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवलेल्या असतात. एप्रिलच्या दुपारी आपली हवा त्याहून कितीतरी कोरडी असते. थोडक्यात, ही कसोटी झोपणाऱ्या माणसासाठी आहे, डोंगरासाठी नाही. ऑस्ट्रेलियाने हा नियम केला तेव्हा रानातल्या आगींचाही विचार त्यामागे होता, परंतु कसोटी मात्र तीच गाळणकागदाची. तथापि उपयोग शून्य असेही नाही. थोटूक जितका कमी वेळ जिवंत राहील तितकी गवत पेटण्याची संधी कमी. शिवाय साधे थोटूकही गवतावर पडले की प्रत्येक वेळी आग लागतेच असे नाही. गवत बारीक, हवा कोरडी आणि वारा बेताचा असा योग जुळावा लागतो.

एक बाजू मात्र या चर्चेत कोणी फारशी मांडत नाही. विझणारी सिगारेट किंवा विडी पुन्हा पेटवावी लागते, म्हणजे काड्या अधिक ओढल्या जातात. काडी तर ज्योतीने जळते आणि ज्योत गवताला थोटकापेक्षा फार लवकर लागते. सुदैवाने काडीचा प्रश्न सिगारेटीच्या आधीच सुटला होता. जुन्या काड्या फुंकर मारल्यावरही लाल निखारा धरून राहत. मग लाकडाची काडी अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यात बुडवून वाळवण्याची पद्धत निघाली. अशी काडी विझवली की लगेच काळी पडते, धुमसत नाही. याच रेल्वेने घाट उतरून कर्जतच्या पुढे गेले की अंबरनाथ लागते, तेथे विम्को कंपनीचा काडेपेटीचा मोठा कारखाना होता. म्हणजे धुमसणे थांबवण्याचे शास्त्र आपल्या खिशात कधीचेच होते, फक्त ते पेटीच्या एका बाजूला होते आणि सिगारेटीच्या पाकिटात नव्हते.

आपल्याकडे २००३ च्या तंबाखू कायद्याने जाहिरात, सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान, अल्पवयीनांना विक्री, पाकिटावरचा इशारा हे विषय घेतले. सिगारेट विझावी की नाही याचा त्यात उल्लेख नाही. राखीव जंगलात आग लावणे किंवा पेटती ठेवणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहेच. वन खाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते, म्हणजे ठराविक पट्ट्यातले गवत आधीच जाळून टाकते, जेणेकरून येणारी आग तेथे उपाशी मरावी. कागदावरचा पट्टा आणि डोंगरावरची जाळरेषा यांची कल्पना एकच आहे : आगीच्या वाटेत तिला लागणारी एक वस्तू काढून घ्यावयाची, कोठे हवा, कोठे जळण.

आपल्या महाविद्यालयातील मंडळींना हा विषय स्वतः पडताळून पाहता येईल. त्यासाठी कोणी धूम्रपान करण्याची आवश्यकता नाही. रबरी फुग्याच्या पिचकारीने झुरका ओढता येतो. भाजे किंवा मळवलीच्या उतारावरचे वाळलेले गवत पत्र्याच्या तबकात सारख्या जाडीने पसरावे, चाळीस सिगारेटी आणि चाळीस विड्या एकेक करून त्यावर ठेवाव्यात, किती वेळात विझली की गवत पेटले ते मांडावे, आणि शेजारी ओल्या-कोरड्या गोळ्याचा तापमापक ठेवून प्रत्येक वेळची आर्द्रता लिहावी. गाळणकागदावरच्या निकालाहून हा निकाल आपल्याला अधिक उपयोगी पडेल. तबक सिमेंटच्या ओट्यावर असावे, पाण्याच्या दोन बादल्या हाताशी असाव्यात, आणि प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये करू नये. त्या दिवसांत लोणावळ्यात कोणतीही सिगारेट उत्तीर्ण होईल.