चित्रफितीला ध्वनी जुळविताना

स्नेहसंमेलनात एखाद्या ज्येष्ठ गुरुजींनी गायिलेले गाणे कोणी मागच्या रांगेतून मोबाइलवर चित्रित करतो. त्याच वेळी व्यासपीठावरील ध्वनिमुद्रकात त्यांचा आवाज अधिक स्वच्छ उतरतो. पुढे गुरुजी राहत नाहीत. ही दोन मुद्रणे तेवढी राहतात. एकाचे चित्र आणि दुसऱ्याचा ध्वनी एकत्र आणावा, असे माजी विद्यार्थ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. रीपर, क्युबेस यांसारख्या संगीत-निर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते साधते. मात्र आरंभी जुळलेले ओठ आणि शब्द अर्ध्या तासानंतर एकमेकांपासून दुरावलेले दिसतात व नवशिका तेथेच हात टेकतो.

याचे कारण कालगणनेत आहे. चित्रफीत म्हणजे स्थिर चित्रांची, अर्थात फ्रेमची, मालिका. चित्रपटात सेकंदाला 24, तर आपल्याकडील दूरचित्रवाणीत 25 फ्रेम असा प्रघात. मोबाइलचे चित्रण बहुधा 30च्या आसपास असते. चित्रासोबतच्या ध्वनीचे सेकंदाला 48,000 नमुने घेतले जातात. म्हणजे 30 फ्रेमच्या हिशेबाने प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला 1,600 नमुने येतात. हा हिशेब प्रत्येक फ्रेम समान कालावधीची आहे असे गृहीत धरतो. पुष्कळ मोबाइल हे पथ्य पाळत नाहीत. सभागृहात प्रकाश मंद झाला की ते फ्रेमची गती कमी करतात, आणि संगीताचे सॉफ्टवेअर या अनियमित गतीपुढे गोंधळू शकते. म्हणून मूळ फितीची प्रत काढावी व ‘हँडब्रेक’ या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ हा पर्याय निवडून तिचे रूपांतर करावे. येथे 25 हा आकडा देण्याचा मोह टाळावा. फ्रेम गळतात आणि हालचाल अडखळते.

आता जुळणी. मोबाइलमधील ध्वनीच्या आलेखाशी ध्वनिमुद्रकाचा आलेख जुळविणे ही सोपी रीत. परंतु तीत एक खोच आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. मोबाइल व्यासपीठापासून 12 मीटरवर असेल, तर आवाज त्याच्यापर्यंत सुमारे 35 सहस्रांश सेकंद, म्हणजे एक फ्रेम, उशिरा पोहोचतो. तेवढे अंतर ध्वनिमुद्रकाचा आवाज अलीकडे सरकवावा. पेटीवर पडणारी बोटे किंवा टाळीचे तळहात पाहून खात्री करता येते.

तरीही शेवटी फरक राहील, कारण दोन उपकरणांची घड्याळे स्वतंत्र असतात. लाखात पाचाचा फरकही तासाभरात 0.18 सेकंदाचा, म्हणजे पाचांहून अधिक फ्रेमचा होतो. अशा वेळी चित्राला हात लावू नये. ध्वनीचा आरंभ पक्का करून त्याचे टोक तेवढेच ताणावे. रीपरमध्ये आल्ट कळ दाबून कडा ओढली की हे होते. इतक्या ताणाने सूर बदललेला कानाला कळत नाही. गाण्याखाली तबल्याची साथ भरायची असल्यास त्याआधी ‘टाइमबेस’ हा पर्याय ‘टाइम’वर आणून ठेवावा. एरवी प्रकल्पाची लय बदलताच गुरुजींचा आवाजही तिच्यामागे ताणला जातो.

एक चूक मी स्वतः केली आहे. प्रकल्पाच्या फाइलमध्ये चित्रफीत नसते, केवळ तिचा पत्ता असतो. मी पेनड्राइव्हवर प्रकल्पाची फाइल तेवढी घेऊन गेलो. सभागृहात गुरुजींच्या घरची मंडळी पुढच्या रांगेत बसली होती आणि पडदा काळाच राहिला. आता चित्र, ध्वनी व प्रकल्प एकाच फोल्डरमध्ये ठेवतो, प्रदर्शनासाठी स्वतंत्र तयार फीत काढतो आणि ती दुसऱ्या संगणकावर लावून पाहतो. तेव्हा आरंभ पाहत नाही, तो बहुधा जुळलेलाच असतो. थेट शेवटच्या कडव्याशी जातो आणि गुरुजींच्या ओठांकडे पाहतो.