बोल्ट तुटला तर काय करावे?

अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे धुळे-सोलापूर महामार्गावरील गाव. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता येथेच महामार्गाला मिळतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी या पट्ट्यात आले, त्यापाठोपाठ ऊस आला आणि उसाबरोबर ट्रॅक्टर, मालमोटारी व जीपगाड्याही आल्या. मोटारीची लहानसहान दुरुस्ती दारातच उरकण्याची सवय अशा गावांतून रुळली आहे. स्वावलंबनाची ही वृत्ती स्तुत्य होय. परंतु पाना लावून जोर देताच बोल्टचे डोके हातात येते आणि उरलेला दांडा आतच राहतो, असा प्रसंग कधी ना कधी ओढवतोच. या प्रसंगी खरे नुकसान होते ते बोल्ट तुटल्याने नव्हे, तर त्यानंतरच्या घाईने.

बोल्ट तुटतो का, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. आवळलेला बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. पान्याला लावलेल्या जोरापैकी सुमारे एक दशांश भागच बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. उरलेला डोक्याखालच्या व आट्यांमधील घर्षणात खर्च होतो. गंज चढला की हे घर्षण वाढते, आटे जखडतात आणि सारा पीळ दांड्यावर येतो. बोल्ट सुटताना प्रथम 'कट्' असा आवाज होऊन तो मोकळा होतो. तसे न होता पाना रबर पिळल्यासारखा मऊ फिरू लागला, तर दांडा पिळला जात आहे असे समजून तत्काळ थांबावे.

थांबल्यावर आट्यांत गंज सोडवणारे तेल सोडावे, बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत आणि काही तास, शक्य तर रात्रभर, तसेच राहू द्यावे. नंतर बोल्ट थोडा सोडावा, थोडा परत आवळावा, पुन्हा सोडावा. भोवतालचा भाग तापविल्यास तो प्रसरण पावून पकड सैल होते. मात्र इंधनाची टाकी, नळी, गॅसची टाकी किंवा रबरी भाग जवळ असल्यास ज्योत मुळीच वापरू नये.

एवढे करूनही बोल्ट तुटलाच आणि तुकडा पृष्ठभागाच्या वर राहिला असेल, तर तो पकडीच्या पान्याने धरून फिरवावा. तो पुरेसा वर नसेल, तर त्यावर नट ठेवून वेल्डिंग करवून घ्यावे. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो. त्याआधी बॅटरीची ऋण तार काढण्यास विसरू नये.

तुकडा आतच मोडला असेल, तर काम नाजूक होते. तुकड्याचा बरोबर मध्य शोधून तेथे सेंटर पंचाने खूण करावी. ८ मिलिमीटरच्या बोल्टला सुमारे ४ मिलिमीटरचे सरळ छिद्र पाडावे आणि त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर बसवून तुकडा हळूहळू बाहेर काढावा. येथे जबरदस्ती अजिबात नको. एक्स्ट्रॅक्टर अतिकठीण पोलादाचा असतो; तो आत मोडला, तर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही आणि दहा मिनिटांचे काम यंत्रशाळेत जाते. छिद्र तिरके जाऊन आटे खराब झाल्यास टॅपने नवे आटे पाडता येतात किंवा तारेचे आटे बसविता येतात.

नवा बोल्ट मूळ प्रतीचाच घ्यावा. डोक्यावर '८.८' अशी खूण असलेला ८ मिलिमीटरचा बोल्ट सुमारे तीन टनांचा ताण आल्यावर तुटतो. तो आवळण्यास मात्र सर्वसाधारणपणे २५ न्यूटन-मीटर, म्हणजे ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी सुमारे साडेआठ किलोचा जोर पुरतो. नेमका आकडा वाहनाच्या माहितीपुस्तिकेतून घ्यावा. सशक्त माणसाचा हात सहज याच्या तिप्पट जोर लावतो. त्यातच पान्याला लोखंडी नळी जोडली, तर बोल्ट तुटल्यास नवल नाही.

काही मर्यादा पाळणे अगत्याचे आहे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या वाहनाखाली कधीही जाऊ नये. भक्कम आधार द्यावा. ड्रिल चालविताना डोळ्यांवर चष्मा असावा. ब्रेक, सुकाणू आणि चाकांचे बोल्ट तुटल्यास घरगुती उपाय न करता जाणत्या कारागिराकडेच जावे. तेथील चूक चालकाबरोबरच रस्त्यावरच्या इतरांच्याही जिवावर बेतते.

हीच रीत पाणीपुरवठ्याच्या पंपाला आणि शेतीच्या अवजारांनाही लागू पडते. शिक्षकांनी कार्यानुभवाच्या तासाला गंजलेला बोल्ट व दोन पाने घेऊन हा पाठ द्यावा. पंचायत सदस्यांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेल्या गावातील तरुणांकडून असे प्रात्यक्षिक घडवून आणावे. त्यासाठी निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. पाना जड झाला की हात थांबविण्याची सवय गावात रुजली, तर पुष्कळ खर्च आणि काही अपघातही टळतील.