नदीतला शिंपला आणि आपला ऊस



लागण, खोडवा, खताचे हप्ते यांवर आपण या पानावर नेहमीच लिहितो. या खेपेला नदीच्या तळाशी राहणाऱ्या शिंपल्याचा विषय घेतला आहे. कुणी म्हणेल, शिंपल्याचा अन् उसाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट आपल्या बांधापर्यंत येतो.

स्कॉटलंड, आयर्लंड, नॉर्वे अशा थंड मुलखातल्या नद्यांत मोत्याचा शिंपला राहतो. लांबीला चार-पाच इंच, पण वयाने शंभरी ओलांडणारा! एक मोठा शिंपला दिवसाला ५० लिटरपर्यंत पाणी गाळतो. मोत्यांच्या लोभाने लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तो फोडला. ब्रिटनमध्ये १९९८ साली त्याला पकडणे-मारणे कायद्याने बंद झाले. तरीही बहुतेक नद्यांत त्याची संख्या घटतच राहिली.

याचे कारण त्याच्या जन्मकथेत आहे. मादी उन्हाळ्यात लाखो सूक्ष्म पिल्ले पाण्यात सोडते. त्या पिल्लाला सामन किंवा ट्राउट माशाच्या कल्ल्याला चिकटावे लागते. मासा भेटला नाही तर ते मरते. चिकटले, तर पुढच्या वसंतापर्यंत माशाच्या अंगावर फुकट प्रवास. मग ते गळून तळाच्या खड्यांत पडते आणि सुमारे पाच वर्षे तिथेच गाडलेले राहते. या काळात खड्यांच्या फटींतून ताजे पाणी खेळते राहिले पाहिजे. शेतातली माती ओघळीने येऊन फटींत बसली, की पिल्लू गुदमरते. खताचा नत्र-स्फुरद पाण्यात उतरला, की शेवाळ माजते, तेही तळावर बसते.

खरी फसगत पुढेच आहे. म्हातारे शिंपले हा गाळ बरीच वर्षे सोसतात. वरून पाहणाऱ्याला तळ शिंपल्यांनी भरलेला दिसतो. पण त्यात लहान एकही नसतो! नवी लागण न करता खोडव्यावर खोडवा घेत राहिलो, तर शिवारात ऊस उभा दिसतो, पण पुढचे काय? तसेच हे आहे. म्हणून तिकडचे अभ्यासक मोठ्या शिंपल्यांपेक्षा लहानांची मोजदाद महत्त्वाची मानतात.

उपायही शेतकऱ्याच्याच हातचे निघाले. नदीकाठाला कुंपण घालून गुरे पात्रात उतरू द्यायची नाहीत, काठाला झाडांचा पट्टा राखायचा, ओघळीचे पाणी आधी मुरवायचे. इंग्लंडात विंडरमिअर सरोवराकाठच्या केंद्रात माशांच्या कल्ल्यांवर पिल्ले वाढवून ती नदीत सोडण्याचे कामही झाले आहे. पण तळ गाळाने भरलेला असेल तर सोडलेली पिल्ले तरी कशी जगणार?

आता घरचे पाहू. आपल्या कृष्णा खोऱ्यातल्या आर्सिडॉप्सिस फूटी या शिंपल्याला भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांचे नाव आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो धोक्यात आलेला म्हणून नोंदला आहे. मोत्यासाठी त्याला कुणी फोडत नाही. पण या कुळातल्या शिंपल्यांची पिल्लेही माशांच्या अंगावरच वाढतात. वाळू उपसली की शिंपला वाळूबरोबर जातो. मळीचे किंवा कारखान्याचे पाणी नदीत सुटले, तर मासा निदान पळायचा प्रयत्न करतो. शिंपल्याला तेही जमत नाही. शिवाय मासा मेला की शिंपल्याच्या पिल्लाचे वाहनच गेले. कारखान्याचे मालक आपणच आहोत, तेव्हा सांडपाण्याचा हिशेब वार्षिक सभेत आपणच विचारायचा.

शेतात युरिया एकदम न टाकता हप्त्याने द्यावा, पाटपाण्याऐवजी ठिबक करावे, पाचट जाळू नये, कुजवावे. खर्च वाचतो हे आपण जाणतोच. नदीत जाणारी माती अन् खतही त्याने कमी होते.

उन्हाळ्यात पाणी उतरले, की मोटारीच्या फूटव्हॉल्व्हकडे जाताना काठाला जरा वाकून बघावे. मोठे शिंपले दिसतील. नखाएवढा एखादा जिवंत सापडतो का, ते पाहावे, आणि पुन्हा पाण्यात ठेवावा.