श्यामची उडी : न जमण्याची भीती

'श्यामची आई' हा चित्रपट पाहिलाय का? आचार्य अत्रे यांनी तो १९५३ मध्ये काढला. राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट. मूळ पुस्तक साने गुरुजींचे. गोष्ट कोकणातली, पण गुरुजी आपल्या खान्देशात शिक्षक होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे पुस्तक लिहिले.

त्यातला पोहण्याचा प्रसंग आठवा. पाण्याला घाबरून श्याम घरात लपून बसतो. एरवी मायाळू असलेली आई त्या दिवशी हातात काठी घेते. श्याम विहिरीवर जातो, पाण्यात पडतो, धडपडतो आणि त्याची भीती जाते. घरी आल्यावर तीच आई त्याला प्रेमाने दही देते.

आता नीट विचार करा. आई कशावर रागावली? श्यामला पोहता येत नव्हते म्हणून नाही. तो प्रयत्नच टाळत होता म्हणून! काठी आज कोणी उचलू नये, पण तिचा प्रश्न मात्र आजही खरा आहे.

वर्गात काही जण गणिताचा पेपर कोरा सोडतात. "चुकलं तर हसतील ना सर," म्हणतात. अरे, चुकलेलं उदाहरण शिक्षकाला दुरुस्त करता येतं; कोऱ्या पानावर काय दुरुस्त करणार?

स्वाध्याय : भीतीमुळे तुम्ही टाळलेली एक गोष्ट वहीत लिहा. या आठवड्यात ती एकदा करून बघा. नाही जमली, तर पुन्हा करा.