काटा वजन सांगतो, ताकद नाही

माझं खुब्याचं हाड मोडलं ते जिन्यावरून गडगडून किंवा गाडीखाली येऊन नव्हे. घरातल्या ओल्या फरशीवर पाय सरकला आणि कुशीवर आपटले, एवढंच. वय ६६, उंची पाच फूट एक इंच, वजन ४३ किलो. बीपी नाही, शुगर नाही. 'तुम्हाला काय होतंय, अंगाने काटक आहात' हे आयुष्यभर ऐकत आलेली मी.

त्याच वर्षी आमच्या वन्संही पडल्या. त्या अंगाने चांगल्या भरलेल्या. त्यांच्या खुब्यावर नुसता काळानिळा डाग उमटला. मोडला तो घोटा, कारण पाय मुडपला आणि सगळा भार त्यावर आला.

डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडात धरून दाखवला. हाडाबाहेर मांसाची फिकट सावली जेमतेम बोटभर होती. कुशीवर पडलं की मार थेट खुब्याच्या उंचवट्यावर बसतो. तिथली चरबी आणि स्नायू त्यातला बराचसा पचवतात. माझ्याकडे पचवायला काही नव्हतंच. शिवाय हाड भार पेलून मजबूत होतं. हलक्या शरीराच्या हाडांना तो भार कमी मिळतो, आणि पाळी गेल्यावर बाईचं हाड झपाट्याने विरळ होतं.

म्हणजे वजन जास्त असलेलं बरं, असं कुणी समजू नये. वन्संचा खुबा वाचला, पण एक पाय उचलून वॉकरवर अंग तोलायला हातांत जोर हवा, तो नव्हता. वजन होतं ते चरबीचं, स्नायूंचं नव्हे. त्यामुळे त्यांचं अंथरूण माझ्यापेक्षा लांबलं.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. त्यांचा विषय मधुमेहाचा होता. पण शरीर कशाचं बनलंय हे काट्यावर कळत नाही, ही गोष्ट पडण्याझडण्यालाही लागू आहे.

म्हणून अनुभवाने सांगते.

पाळी जाऊन काही वर्षं झाली असतील आणि अंग बारीक असेल, तर डॉक्टरांना विचारून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. तिच्यातला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला, तर हाडं ठिसूळ झालीत असं समजतात. त्यावर औषधं आहेत.

जेवण चहा-पोळीवर उरकू नका. ज्येष्ठांना वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. वरण दाट करा, दही, उसळ, पिठलं, चालत असेल तर अंडी-मासे घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

वजन उतरवायचं असेल तर नुसते उपास करू नका; चरबीबरोबर स्नायूही झडतात. फिरणं चांगलंच, पण जोडीला स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा: खुर्चीतून ऊठबस, भिंतीला हात टेकून दंड, टाचा उचलणं.

पडल्यावर एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर माणसाला उभं करू नका, तेल चोळू नका, हाडवैद्य शोधू नका. थेट इस्पितळ गाठा. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी, असं डॉक्टर सांगतात. अंथरुणाला खिळल्याने न्यूमोनिया, रक्ताची गुठळी असे धोके वाढतात.

आज घरातल्या साठीपुढच्या माणसाला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगा. जमलं नाही, तर वजन कितीही असो, त्यांना या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या.