आराखडा फुकट, मग हेडसेट महाग का?

प्रश्न : एआर हेडसेटचा आराखडा म्हणे फुकट मिळतो. मुलाच्या कॉलेजात थ्रीडी प्रिंटर आहे. मग तो घरच्या घरी स्वस्तात का होऊ नये? (एक वाचक, डोंबिवली पूर्व)

उत्तर : शंका रास्त आहे. अमेरिकेतल्या लीप मोशन कंपनीने 2018 साली ‘प्रोजेक्ट नॉर्थ स्टार’ या एआर, म्हणजे खऱ्या दृश्यावर आभासी चित्र दाखवणाऱ्या, हेडसेटचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालं तर खर्च शंभर डॉलरच्या आत येईल, असंही तेव्हा सांगितलं गेलं. लोकांनी शंभर डॉलर लक्षात ठेवले, त्यामागची अट मात्र ते विसरले. एकच नग करायचा तर पडदे, आरसे, सेन्सर सगळं किरकोळ भावाने घ्यावं लागतं. आराखडा खुला म्हणजे नक्कल करायला आणि बदल करायला मुभा, इतकंच.

प्रिंटरवर होतो तो सांगाडा. खरी परीक्षा आरशाची. डोळ्याच्या अगदी जवळचा पडदा आपल्याला स्पष्ट दिसत नाही. म्हणून पडद्याचं चित्र डोळ्यांसमोरच्या अर्धपारदर्शक वक्र आरशावर पाडतात. आरसा ते दूर असल्यासारखं दाखवतो आणि पलीकडची खोलीही दिसत राहते. रात्री एसी लोकलच्या काचेत डब्यातले चेहरे आणि बाहेरचे दिवे एकदम दिसतात, तसंच. दुपारी ते चेहरे पुसट होतात, आणि भर उन्हात असे हेडसेटही याच कारणाने फिके पडतात.

आरसा वक्र, त्यामुळे चित्र वाकडं होतं. सॉफ्टवेअर ते आधीच उलट दिशेने वाकवून ठेवतं. पण हाताने जुळवलेल्या दोन हेडसेटमध्ये आरसा नेमका त्याच जागी बसत नाही. म्हणून डोळ्यांच्या जागी कॅमेरे ठेवून प्रत्येक हेडसेट वेगळा जुळवून घ्यावा लागतो. हा टप्पा टाळला की टेबलावर ठेवलेली आभासी वस्तू हवेत तरंगते, आणि दोष बिचाऱ्या प्रिंटरला जातो.

तुमच्या शेजारच्या ठाण्यात ‘आज्ञालेन्स’ ही कंपनी एआर हेडसेट बनवते, पण ते तयार उत्पादन आहे, खुला आराखडा नव्हे. शिकायचं असेल तर नॉर्थ स्टारच घ्यावा, असं माझं मत. मुलाने एकट्याने न करता कॉलेजात चार-पाच जणांचा गट करावा आणि आरशांची जोडी एकाच ठिकाणाहून मागवावी. सांगाडा छापायची घाई नको, कारण आरसे हातात आल्यावर त्याची मापं बहुधा बदलावीच लागतील.